ब्रेकची लवचीक नळी: तिची तपासणी आणि बदल

मोटारगाडीची ब्रेकयंत्रणा निरखून पाहिली, तर तिचा बहुतेक भाग धातूचा असल्याचे आढळते. पायाखालचे पेडल, त्याने ढकलला जाणारा मास्टर सिलिंडर, गाडीच्या तळाशी पट्ट्यांनी आवळून बसविलेल्या बारीक पोलादी नळ्या आणि चाकाच्या आतील छोटे सिलिंडर हे सारे भाग कठीण असून वर्षानुवर्षे आपल्या जागी स्थिर असतात. फक्त एका ठिकाणी हा नियम मोडतो. गाडीचा सांगाडा जेथे संपतो आणि हलणारे चाक जेथे सुरू होते, तेथे वीत-दीड वीत लांबीची एक रबरी नळी लावलेली असते. चाक खड्ड्यातून वरखाली होते आणि पुढचे चाक तर डावी-उजवीकडे वळतेही. तेथे पोलादी नळी लावली, तर वारंवार वाकल्याने ती थोड्याच दिवसांत तुटेल. म्हणून एवढ्याच जागी यंत्रणेला लवचीकपणाची गरज भासते. हा लवचीकपणा मात्र नाशवंत आहे. मोटार बाळगणाऱ्या कुटुंबाला टायर, बॅटरी आणि इंजिनातील तेल यांचे वय तोंडपाठ असते. या नळीचे वय विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही.

नळीवर किती भार पडतो, हे साध्या गणिताने कळते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडलेला नियम आहे. त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. समजा, अचानक कोणी आडवे आले आणि चालकाने पेडलवर ५० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे. ती हा जोर पाचपट करीत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर २५० किलोग्रॅम जोर पडेल. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटरांहून थोडे अधिक भरते. म्हणजे द्रवातील दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ८० किलोग्रॅमच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब २ किलोग्रॅमच्या जवळपास असतो. बोटाएवढ्या जाडीच्या रबरी नळीने टायरच्या चाळीसपट दाब सोसावयाचा, तोही चाकाबरोबर वाकत असताना, अशी ही कामगिरी आहे.

द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक मोटारीत येण्यापूर्वी सळ्या आणि तारा वापरीत. चारही चाके सारख्या जोराने धरतील अशा बेताने त्या ताणणे हे कटकटीचे काम असे. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने १९१७ साली द्रवचालित ब्रेकचे पेटंट मिळविले. विमानांमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले लॉकहीड हे नाव याच्या भावाच्या कंपनीचे. १९२१ साली ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीत आणि १९२४ साली तुलनेने स्वस्त अशा क्रायस्लर गाडीत चारही चाकांना हे ब्रेक आले. ती पद्धत मुळात तीच राहिली आहे, आणि सांगाडा व चाक यांमधील लवचीक दुवाही कायम आहे.

आता एका विशिष्ट वस्तीकडे वळू. कारण नळी झिजते ती पुस्तकात नव्हे, रस्त्यावर. कोलकात्याच्या उत्तर टोकाला, हुगळीच्या पूर्व काठी बागबाजार ही जुनी वस्ती आहे. मराठी वाचकाला या नावाशी एक अवघड नातेही सांगता येईल. भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ साली बंगालमध्ये शिरल्या. तेव्हा भयभीत नागरिकांनी शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, त्याची सुरुवात बागबाजारच्या बाजूने झाली. मराठे शहरापर्यंत आले नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्याच्या मार्गाने वर्तुळाकार रस्ता काढण्यात आला. ‘मराठा डिच लेन’ या गल्लीच्या नावात ती आठवण उरली आहे.

मोटारीच्या दृष्टीने बागबाजारची वैशिष्ट्ये वेगळी आहेत. येथील गल्ल्या मोटारीच्या जन्माआधीच्या आहेत. घराला वाहनघर असणे हा अपवाद, गाडी दाराशी रस्त्यावरच उभी. वळताना चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे लागते, आणि पुढच्या चाकांच्या नळ्यांना दर वेळी पुरा पीळ व पुरा ताण सोसावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात उत्तर कोलकात्याच्या अनेक रस्त्यांवर मुसळधार पावसानंतर पाणी तुंबते. चाकाच्या अर्ध्या उंचीपर्यंत चिखलपाणी आले, म्हणजे नळ्यांची टोके त्यात बुडतात. याशिवाय आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. अशा वस्तीतील कौटुंबिक गाडी फार चालत नाही. आठवड्यातून एकदा बाजारहाट, कधी दक्षिणेश्वर, पूजेच्या दिवसांत नातेवाइकांच्या भेटी, एवढाच तिचा प्रवास असतो. मैलांचा आकडा लहान राहतो आणि मालकाला वाटते, गाडी जणू नवीच आहे. पण रबराला मैल कळत नाहीत. त्याला ऊन, उष्णता, हवेतील ओझोन आणि काळ एवढेच कळतात. उलट, उभ्या गाडीची नळी महिनोन्महिने एकाच बाकात राहते आणि त्याच बाकावर प्रथम चिरते.

अशा गाड्यांत अँबॅसॅडर अजून आढळते. हिंदुस्तान मोटर्सचा उत्तरपाडा येथील कारखाना बागबाजारपासून नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठी. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली ही मोटार १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथे तयार होऊ लागली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. जुन्या अँबॅसॅडरला तीन लवचीक नळ्या असतात. पुढच्या प्रत्येक चाकाला एक, आणि मागचा आस एकसंध असल्यामुळे सांगाड्यापासून त्या आसापर्यंत एकच. मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक या एका नळीवर अवलंबून असतो, हे विसरू नये. जुन्या आराखड्यांत चारही चाकांना मिळून द्रवाचा एकच मार्ग असे, त्यामुळे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. नंतरच्या गाड्यांत मार्ग दुहेरी झाला. एक निकामी झाला, तरी दुसरा काम देतो. मात्र थांबण्याचे अंतर पुष्कळ वाढते. ज्या गल्लीत रिक्षा, हातगाडी आणि क्रिकेट खेळणारी मुले एकाच वेळी असतात, तेथे वाढलेले चार हात अंतरही परवडणारे नसते.

नळीची रचना समजून घेतली, म्हणजे तिचे आजारही समजतात. सर्वांत आत द्रवाला अभेद्य असा रबरी थर असतो. त्यावर धाग्यांची घट्ट वीण असते. दाब खऱ्या अर्थाने सोसते ती ही वीणच. तिच्यावर ऊन-पाण्यापासून रक्षण करणारे बाहेरचे रबर असते. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या दाबून बसविलेल्या असतात. बाहेरच्या रबराला चीर गेली, की पाणी विणीपर्यंत पोहोचते. धागे कुजतात आणि टोपीच्या आतील धातू गंजतो. दाब आला की नळी त्या जागी फुगते. चालकाचे पाऊल मग नळी फुगविण्यात खर्ची पडते, चाक धरण्यात नव्हे, आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. दुसरा शत्रू म्हणजे खनिज तेल. ब्रेकमधील द्रवाला बाजारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव घातक आहे, कारण तो द्रव सामान्यतः तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायन असतो. नावाला भुलून कोणी टाकीत इंजिनाचे तेल घातले, तर नळ्यांचे आतील अस्तर आणि सिलिंडरांतील सारे रबर फुगून निकामी होते. ग्रीझ भरताना त्याचा लपका नळीवर पडला, तर तोही लगेच पुसून काढावा.

तपासणीला हत्यारे फारशी लागत नाहीत. एक टॉर्च, कापड आणि संयम पुरतो. गाडी सपाट जागी उभी करावी, विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलल्यावर सांगाड्याखाली पोलादी घोडी द्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. विटांचा थर रचून त्यावर गाडी टेकविण्याची प्रथा आपल्याकडे सर्वत्र दिसते. वीट पूर्वसूचना न देता फुटते, म्हणून ही प्रथा सोडलेलीच बरी.

चाक काढून नळी प्रथम कोरड्या कापडाने व मग साबणाच्या पाण्याने पुसावी; पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये. चिखलाखाली चिरा दिसत नाहीत. नळी हलकेच वाकवून बाकाच्या बाहेरच्या अंगावर टॉर्च धरावा. केसासारख्या बारीक रेषांचे जाळे दिसले, तर नळीचे आयुष्य संपत आले आहे; आतले धागे दिसले, तर ते संपले आहे. टोपीजवळचा बोटभर भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा, कारण वाकण्याचा सारा ताण तेथे एकवटतो. तेथे ओल दिसली, तर बोटाला लावून पाहावे. ब्रेकचा द्रव बुळबुळीत असतो आणि पाण्याने सहज धुतला जातो; ग्रीझ तसे धुतले जात नाही. नंतर एकाने चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने नळी टायरला, सळीला किंवा पत्र्याला कोठे घासते काय, हे पाहावे. घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला, तर तो सौंदर्याचा दोष समजू नये. शेवटी आत बसलेल्याने इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबून धरावे आणि बाहेरच्याने नळीभोवती बोटे ठेवावीत. नळी कोठेही बोटांना फुगल्यासारखी जाणवली, तर ती त्याच दिवशी बदलावी.

एवढे करूनही एक आजार डोळ्यांना दिसत नाही, आणि तपासणीवर सर्वस्वी विसंबणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. कधी कधी बाहेरून सुबक दिसणाऱ्या नळीचे आतील अस्तर फुगते किंवा त्याची एक पापुद्र्यासारखी झडप सुटते. पेडल दाबताना मोठ्या दाबाने द्रव तिला बाजूला सारून चाकापर्यंत जातो. पाय उचलल्यावर मात्र परतण्याइतका जोर त्याच्यापाशी नसतो. ब्रेक धरलेलाच राहतो, चाक तापते, जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागते. पुढच्या एकाच नळीत असे झाले, तर ब्रेक लावताना वा नंतर गाडी एका बाजूला ओढते. मेकॅनिक लायनर बदलतो, ड्रम घासतो, सिलिंडर खोलतो, आणि दोष तसाच राहतो. हा दोष ओळखण्याचा उपाय सोपा आहे. चाक अडलेले असताना नळीच्या वरच्या टोकाचा, म्हणजे पोलादी नळीकडचा जोड किंचित सैल करावा. चाक सुटले, तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे आहे. तेथे सुटले नाही, पण चाकावरील हवा काढण्याचा स्क्रू उघडताच द्रव उसळून चाक मोकळे झाले, तर दाब नळीतच अडकला होता. दोन्ही ठिकाणी सोडूनही चाक अडलेलेच राहिले, तर मात्र सिलिंडर किंवा कॅलिपर जाम झाला आहे.

यावरून नळी बदलण्याचा निकष मैल नव्हे आणि केवळ बाह्य रूपही नव्हे, तर वय हाच असावा, असे माझे मत आहे. गाडीच्या पुस्तकात मुदत दिली असेल, तर ती पाळावी. नसेल, तर रस्त्यावर उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी सहा वर्षे ही मर्यादा मला अवाजवी वाटत नाही. एक नळी गेली, म्हणजे तिच्याबरोबर बसविलेल्या इतर नळ्यांचेही वय तेच असते. तेव्हा सर्व एकदम बदलणे हिताचे. एका नळीची किंमत टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि हवा काढण्याचे श्रम एकदाच करावे लागतात.

खरेदीत मात्र एक नवा धोका आहे. कोलकात्यात मोटारींच्या सुट्या भागांसाठी, त्यातही जुन्या भागांसाठी, मल्लिक बाजार प्रसिद्ध आहे. दरवाजाची मूठ किंवा दिव्याची चौकट तेथून जुनी घेण्यास हरकत नाही. ब्रेकची नळी जुनी घेणे म्हणजे दुसऱ्याचे संपलेले आयुष्य विकत घेणे होय. शिवाय ज्या गाडीचे उत्पादन २०१४ सालीच थांबले, तिची पिशवीबंद ‘नवी’ नळी दुकानाच्या फळीवर कित्येक वर्षे पडून राहिलेली असू शकते. चांगल्या उत्पादकाच्या नळीवर त्याची खूण आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापलेले असते. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि काहीच छापलेले नसेल, तर ती नळी परत करावी. जुनी नळी सोबत नेऊन लांबी ताडून पाहावी. आखूड नळी चाक लोंबताच ताणली जाते, लांब नळी टायरला घासते. आट्यांकडे तर दुप्पट लक्ष द्यावे. त्या काळच्या ब्रिटिश आराखड्यांत आटे इंचाच्या मापाचे असत, नंतरच्या बहुतेक गाड्यांत ते मिलिमीटरच्या मापाचे आले. पाऊण इंचाच्या निम्म्या व्यासाचा इंची आटा आणि १० मिलिमीटरचा आटा यांत फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे. पहिला दुसऱ्यात सैलसा फिरतो, आवळला गेल्याचा भास होतो आणि दाब येताच निसटतो.

प्रत्यक्ष बदलाच्या आदल्या दिवशी जोडांवर गंज सुटण्याचे औषध थोडेसे लावून ठेवावे. द्रवाच्या टाकीच्या तोंडावर पॉलिथिनचा तुकडा ठेवून झाकण लावले, तर जोड उघडल्यावर द्रव कमी गळतो. प्रथम सोडावयाचा तो पोलादी नळीचा नट. त्यासाठी नटाच्या सहापैकी पाच बाजू पकडणारा, तोंडाशी फट असलेला रिंग पाना वापरावा. साध्या पान्याने मऊ नटाचे कोपरे झिजतात आणि मग तासाभराचे काम दिवसभराचे होते. नट फिरविताना दुसऱ्या पान्याने नळीची टोपी घट्ट धरावी. तसे न केल्यास पोलादी नळीच पिळवटून तुटते. यानंतर कोनपट्टीवरील नट किंवा चाप काढून नळी मोकळी करावी आणि शेवटी तिचे दुसरे टोक चाकाच्या सिलिंडरातून फिरवून काढावे.

बसविण्याचा क्रम नेमका उलट. चाकाकडचे टोक आधी, हाताने चार आटे फिरवून, मग पान्याने. जेथे तांब्याचा वॉशर असेल, तेथे तो नवाच घालावा. मग वरचे टोक कोनपट्टीत बसवावे. पीळ टाळण्याची खरी वेळ ही. बऱ्याच नळ्यांवर लांबीच्या दिशेने एक रेषा असते. ती सरळ राहिली पाहिजे, दोरावरच्या वेलीसारखी गुंडाळलेली नव्हे. टोपी पान्याने स्थिर धरूनच वरचा नट आवळावा आणि सर्वांत शेवटी पोलादी नळी जोडावी. डिस्क ब्रेकच्या गाडीत काम चालू असताना कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये. तो तारेने वर बांधावा.

यंत्रणेत आता हवा शिरलेली असते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून हवेचा बुडबुडा राहिला, तर सारे श्रम वाया. टाकीवरील पॉलिथिन काढून ताजा, सीलबंद डब्यातील द्रव भरावा. उघडा राहिलेला द्रव हवेतील ओल शोषून घेतो, आणि कोलकात्याच्या किंवा आपल्या कोकणाच्या दमट हवेत ही क्रिया झपाट्याने होते. डॉट ३ प्रकारच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या स्थितीत हीच मर्यादा १४० अंशांवर येते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. आपल्या उजव्या चक्राच्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे असते. स्क्रूवर पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील द्रवात बुडवावे. आतल्याने पेडल सावकाश दाबावे, बाहेरच्याने स्क्रू उघडावा. पेडल तळाशी पोहोचण्यापूर्वी ‘धर’ म्हणून स्क्रू बंद करावा आणि त्यानंतरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि टाकी रिती होऊ देऊ नये, नाहीतर पहिल्यापासून आरंभ. चाक लॉक होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ज्या गाडीत आहे, तिच्यात हवा काढण्याचा क्रम निराळा असतो आणि कधी विशेष उपकरणही लागते. ते काम कारखान्यातच करून घ्यावे.

सांडलेला द्रव गाडीचा रंग खातो, म्हणून तो लगेच पाण्याने धुवावा. तो विषारीही आहे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि जुना द्रव गटारात म्हणजे पर्यायाने गंगेत न ओतता वर्कशॉपच्या टाकाऊ तेलवाल्याला, मात्र तेलात न मिसळता, द्यावा. आता पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे. कोरड्या कापडाने प्रत्येक जोड पुसून पुन्हा पाहावा, आणि गाडी जमिनीवर टेकवून चक्र दोन्ही बाजूंना फिरवून नळ्यांची वाट पुन्हा एकदा तपासावी. पहिली चाल पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, पायी चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून करावी. हँडब्रेकची तार द्रवाच्या मार्गाहून स्वतंत्र असते. पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर जोड आणखी एकदा पाहावेत, आणि नळ्यांवर छापलेला महिना व वर्ष गाडीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.